तंबाखूशी काडीमोड

सयाजीच्या दमाचं तळेगावात नाव होतं. काचेच्या कारखान्यात तो वीस वर्षं नळी फुंकत होता. भट्टीतला लालबुंद काचेचा गोळा नळीच्या टोकावर उचलायचा, दुसऱ्या टोकाला ओठ लावायचे आणि एका दमात पाच शेरांची लोणच्याची बरणी उभी करायची, हे काम कारखान्यात तिघांनाच जमायचं, आणि तिघांत सयाजी पहिला. त्याची बायको छबूबाई विहिरीवर हे सांगताना बरणी हातांनी दाखवायची, आणि सांगण्याच्या भरात बरणी दर खेपेला शेराशेराने वाढायची.

म्हणून सत्तावन्न सालच्या माघात जे झालं ते सयाजीच्या आधी घरी पोचलं. बरणी फुंकता फुंकता त्याला मधेच खोकल्याची उबळ आली आणि नळीच्या टोकाला बरणीऐवजी गाभण शेळीचं पोट लोंबायला लागलं. भट्टीवरची माणसं पोट धरून हसली म्हणे. मुकादम मात्र हसला नाही. त्याने सयाजीला बरण्यांवरून काढून कंदिलाच्या काचांवर बसवलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. कंदिलाच्या काचा नवशिके फुंकायचे.

"नळीच खराब व्हती," घरी आल्या आल्या सयाजी म्हणाला आणि ओट्यावर बसून त्याने बिडी शिलगावली.

"मागल्या हप्त्यात भट्टी खराब व्हती. त्याच्या आधी काच खराब व्हती," छबूबाई धुणं पिळता पिळता म्हणाली. "तुमी तेवढं चांगलं."

सयाजी उत्तर द्यायला गेला आणि खोकला लागला. तो खोकला असा होता की अंगणातल्या कोंबड्या आधी उडायच्या आणि मग कारण बघायच्या.

दिवसाला दोन बंडलं, म्हणजे चाळीस एक बिड्या, असा त्याचा रतीब होता. छबूबाई लग्न होऊन आल्यापासून त्याला त्यावरून शिव्या घालत होती. ती कुरुळीची, शेतकऱ्याची लेक. शिव्यांचा तिच्याकडे कधी दुष्काळ नव्हता. पण वीस वर्षांत सयाजीला त्यांची इतकी सवय झाली होती की एखाद्या बिडीला शिवी पडली नाही तर त्याला ती बिडी अळणी लागायची.

छबूबाईचा स्वतःचा तंबाखूशी काही संबंध नव्हता. म्हणजे ती मशेरी लावायची, पण मशेरी हे दातांचं औषध. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं, आणि बोटावर घेऊन दातांवरून फिरवत बसायचं. हे ती दिवसातून पाच वेळा करायची. आणि सासू यशोदाबाई तपकीर ओढायची, पण ते नाकाचं काम. त्याला कुणी व्यसन म्हटलं तर म्हातारी आठ दिवस बोलायची नाही. असं हे निर्व्यसनी घर, एका सयाजीमुळे बदनाम झालेलं.

दोन दिवसांनी छबूबाईने नवऱ्याला दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे पुढे घातलं आणि मागून हाकललं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला कंजूष. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली, आणि मग काडेपेटीतली एक काडी पेटवून सयाजीच्या तोंडापासून वीतभर लांब धरली.

"तोंड मोठं उघडा. ओठांचा चंबू करायचा नाही. असंच फुंकून विझवा."

सयाजीला हसू आलं. पाच शेरांची बरणी फुंकणाऱ्याला काडी विझवायला सांगतात! त्याने तोंड उघडून फुंकर मारली. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. त्याने छाती भरून दुसरी मारली. ज्योत हललीसुद्धा नाही. तिसऱ्या फुंकरीत फुंकरीपेक्षा खोकलाच जास्त निघाला. काडी जळत जळत डॉक्टरांच्या बोटांपर्यंत आली तेव्हा त्यांनीच ती झटकून टाकली.

बाकावर बसलेल्या छबूबाईच्या ओठांवर एक वाक्य तयार होतं. चांगलं झणझणीत होतं. पण तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गिळलं. सयाजी त्या विझलेल्या काडीकडे बघत होता. भट्टी फुटून दोन माणसं भाजली तेव्हाही तो घरी येऊन भाकरी खाऊन झोपला होता. त्याला घाबरलेलं तिने पहिल्यांदा बघितलं.

"छाती सगळी गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "बिडी बंद केली तर आहे ती राहील. माझ्याकडे खोकल्याचं औषध आहे, बिडीचं नाही. बिडीचं मारुतराव बघतात."

मारुतराव म्हणजे कंपाउंडर. पन्नाशीचा, ढेरपोट्या, कानांतून केसांचे झुबके आलेले. औषधांच्या बाटल्यांच्या मागे त्याने दोन स्टुलं ठेवली होती. त्याने दोघांना त्यांवर बसवलं, बाहेरच्या रांगेला "थांबा रे, मरत नाही कोणी" असं ओरडून सांगितलं आणि स्वतः एका खोक्यावर बसला.

छबूबाई भाषणाची वाट बघत होती. बिडीने काय काय होतं, हे ऐकवील, नवरा मान हलवील, बाहेर पडून पहिली बिडी ओढील.

"सयाजीराव," मारुतराव म्हणाला, "दिवसातली सगळ्यात गोड बिडी कुठली?"

सयाजी चक्रावला. हे त्याला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळची," तो हळूच म्हणाला. "परसाकडला जाताना. तिच्याबिगर व्हतच न्हाई."

"बरोबर. मग?"

"मग चहावरची. मग भट्टीवर इब्राहिमबरोबरची. इब्राहिम माझा जोडीदार. आमी काडी वापरत न्हाई. नळीच्या टोकावरच्या गरम काचंला टेकवून पेटवतो." सयाजीच्या डोळ्यांत चमक आली. "तिची चव न्यारीच."

मारुतराव असा ऐकत होता की जणू पुरणपोळीची कृती ऐकतोय. मग त्याने आपलं सांगितलं. बावीस वर्षं ओढली. पाच वेळा सोडली. एकदा आईची शपथ घेऊन सोडली, तर तेराव्या दिवशी आईच म्हणाली, ओढ बाबा, पण माझ्यावर खेकसू नको. पाचव्या वेळी सुटली ती सुटली.

"आत्ताच्या आत्ता सोडा, असं मी सांगत नाही. दिवस तुम्ही ठरवा. ठरवलात की मला सांगा, घरी सांगा, त्या इब्राहिमला सांगा. लपवून काही करायचं नाही." मग तो छबूबाईकडे वळला. "आणि बाई, तुमची मदत लागेल."

"म्या रोजच करती की. सकाळ-संध्याकाळ शिव्या घालती."

"त्या बंद करायच्या."

"बंद?" छबूबाई अशी दचकली की तिलाच कुणी व्यसन सोडायला सांगितलंय.

"शिवी बसली की माणूस घराबाहेर पडतो. बाहेर पडला की बिडी ओढतो. तुमच्या शिव्या म्हणजे बिडीची काडेपेटी आहे, बाई." मारुतरावाने नाक जरा पुढे आणलं. "दातांना काय लावता?"

"राखुंडी."

"राखुंडीला असा वास असता तर माणसांनी चुली चाटल्या असत्या."

"मशेरी हाय," छबूबाई पदर तोंडावर ओढून म्हणाली. "पर ती दातांसाठी."

"दिवसातून किती वेळा घासता दात?"

"पाच येळा, साहेब!" सयाजी दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा खुलला. "एवढे दात तर सर्कशीतल्या हत्तीचे बी कुणी घासत नसंल!"

तिथेच छबूबाई सापडली. ती मशेरी सोडत असेल तर मी बिडी सोडतो, असं सयाजीने छातीवर हात ठेवून जाहीर केलं. ती सोडणार नाही याची त्याला पक्की खात्री होती. तिलाही होती. पण समोर मारुतराव, मागे रांगेतली माणसं कान टवकारून उभी, छबूबाईच्या तोंडून "सोडती की, त्यात काय!" असं निघून गेलं.

सोमवार ठरला. यशोदाबाईचं म्हणणं पडलं की सोमवार नको, त्या वारचा देव स्वतःच चिलमीचा भक्त. पण तिचं कुणी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी उरलेली बंडलं आणि मशेरीची डबी अंघोळीच्या पाण्याखालच्या जाळात गेली. असा धूर झाला की आळीतली माणसं दारात येऊन फुकटचा वास घेऊन गेली. तपकिरीची डबीही त्यात टाकावी असं सयाजीने सुचवलं, तेव्हा म्हातारी डबी चोळीत घालून शेजारी निघून गेली आणि जेवायलाच परत आली.

पहिल्या दिवशी दोघांची डोकी ठणकली. दुसऱ्या दिवशी सयाजीने बादलीला लाथ मारली आणि छबूबाईने पिठलं असं वाढलं की ते ताटाच्या पलीकडे पडलं. तिसऱ्या दिवशी खरं संकट उघड झालं. सयाजी पहाटे लोटा घेऊन गेला आणि गेला तसा आला. छबूबाईचंही तेच. तिचं पोट लहानपणापासून मशेरीच्या पहिल्या बोटावर चालत होतं. बोट थांबलं, पोटही थांबलं. चौथ्या दिवशी दोघंही घरात अशी फिरत होती की जणू पोटात कारखान्यातली एकेक बरणी ठेवलीय. यशोदाबाई मात्र तपकिरीची चिमूट ओढून, शिंकून, हसतमुखाने परसाकडे जाऊन यायची आणि आल्यावर मोठ्याने "हरी हरी" म्हणायची.

शेवटी छबूबाई एकटी मारुतरावाकडे गेली. परक्या पुरुषासमोर हे बोलायचं कसं? तिने बाटल्यांकडे बघत सांगितलं, "आमच्या घरात कुणाचंच काई व्हत न्हाई."

"होईल," मारुतराव गंभीरपणे म्हणाला. "उठल्यावर दोन तांबे गरम पाणी प्यायचं, आणि दोघांनी स्टेशनापर्यंत चालत जाऊन यायचं. चालत. भांडत नाही." वर त्याने सोनामुखीची पुडी बांधून दिली.

सोनामुखीने असं काही काम केलं की दुसऱ्या दिवशी स्टेशनापर्यंत जायचं दोघांचं धाडस झालं नाही. पण त्यानंतर घरात जरा शांतता आली.

सयाजीच्या खिशात आता बिडीऐवजी चणे आणि लवंगा असायच्या. तल्लफ आली की लवंग दाढेखाली. भट्टीवरची माणसं त्याला "गोविंदविडा" म्हणू लागली. छबूबाई बडीशेप चघळायची. त्याहून अवघड होतं ते शिव्यांचं. त्या आत साठून राहायच्या. मग ती कोंबडीला घालायची. "मेल्या, खोकड्या, आयुष्याची राख केलीस माझ्या," असं ती कोंबडीला म्हणायची आणि बघायची नवऱ्याकडे. कोंबडी त्या महिन्यात अंडी द्यायचीच बंद झाली.

शिव्या बंद म्हणून तिने दुसरा उपाय काढला. सयाजी कामावरून आला की उंबऱ्यावरच त्याला थांबवायचं, चवड्यांवर उभं राहायचं आणि त्याच्या मिशांचा वास घ्यायचा. बिडीचा वास मिशांत लपतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सयाजी त्याच्या बदल्यात म्हणायचा, "आता तू आ कर," आणि तिचे दात बघायचा, बैल घेताना बघतात तसे. समोरच्या शालनबाईने हे चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी विहिरीवर ती कानाशी येऊन म्हणाली, "छबूबाई, मर्जी तुमची, पर या वयात, दारात उभं राहून?"

छबूबाईने खुलासा केला नाही. सबंध आळीला वाटत असेल तर वाटू दे, असं तिने ठरवलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते थोडं आवडलंही.

एकविसावा दिवस रविवार होता. कारखाना बंद. जेवणं झाली, म्हातारी लवंडली, सयाजी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला. छबूबाई एकटी राहिली आणि तिची हिरडी ठणकायला लागली. म्हणजे ठणकत नव्हती, पण ठणकेल असं तिला वाटलं. तिच्या पदराच्या गाठीत तंबाखूचं एक पान होतं. ते तिथे कसं आलं हे ती स्वतःलाही विचारत नव्हती. घरी तव्यावर टाकलं असतं तर वासाने सगळ्या आळीत दवंडी पिटली असती. ती उठली आणि रेल्वे फाटकापलीकडच्या आळीत, इब्राहिमच्या घरी, मागच्या दाराने गेली. इब्राहिमची बायको ताहेरा तिची मैत्रीण होती. दोघींची लोणच्या-पापडांची देवाणघेवाण चालायची.

"ताहेरा, जरा तवा दे तुझा."

"भाकरी टाकायची हाय का?"

छबूबाईने पदराची गाठ सोडली. ताहेराने पान बघितलं.

"ताई, तुमी तर सोडली ना?"

"सोडलीच हाय. ही हिरडीसाठी."

ताहेरा गरीब स्वभावाची. तिने पुढच्या खोलीकडे एकदा चमत्कारिक नजरेनं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर छबूबाईने तवा चुलीवर टाकलासुद्धा होता. पान करपायला लागलं. तो वास! छबूबाईने डोळे मिटले. एकवीस दिवसांत तिला एवढं सुख झालं नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या ओट्यावरून खोकला ऐकू आला.

तो खोकला छबूबाईला तोंडपाठ होता. आधी दोन कोरडे ठोके, मग विहिरीत बादली घासल्यासारखी घरघर, आणि शेवटी एक लांब शीळ. हातातलं उलथनं तसंच घेऊन ती पुढच्या दारात आली.

ओट्यावरच्या बाजेवर इब्राहिम आणि सयाजी मांडीला मांडी लावून बसले होते. दोघांच्या बोटांत बिड्या. सयाजी नाक वर करून हवेचा वास घेत होता.

"इब्राहिम," तो म्हणत होता, "तुझ्या घरात मशेरी कोण रे भाजतंय?"

मग त्याने मान वळवली.

सयाजीने बिडी पाठीमागे नेली. छबूबाईने उलथनं पाठीमागे नेलं.

"हिरडी ठणकत व्हती," छबूबाई म्हणाली.

"मला इब्राहिमनं आग्रह केला," सयाजी म्हणाला.

"मी?" इब्राहिम बाजेवरून उठलाच. "या अल्ला! सहा दिवस झाले, माझ्याच बिड्या ओढतो, वर मिशांना लावायला माझ्याच घरचं खोबरेल मागतो, आणि आग्रह माझा? आज तर नको म्हणालो तर म्हणाला, दोस्ती तुटली!"

"तरीच!" छबूबाई ओरडली. "तरीच मिशा एवढ्या चमकत व्हत्या!"

आत ताहेरा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. हसता हसता तिला त्या धुराने ठसका लागला, आणि मग घरातले चौघंही वेगवेगळ्या कारणांनी खोकत राहिले.

घरी जाताना छबूबाई पुढे होती आणि सयाजी दहा पावलं मागे. तिला भयंकर राग आला होता. सहा दिवस ती चवडे दुखेस्तोवर त्या मिशांचा वास घेत होती आणि खोबरेलावर खूश होत होती! मग रेल्वे फाटकापाशी तिला आठवलं की आपल्या पदरातलं हे काही पहिलं पान नाही. बुधवारी एक होतं. त्याच्या आधी एक. पान भाजायला ताहेराकडे आज ती पहिल्यांदा गेली होती. आधीची दोन तिने शेतातल्या बांधावर, खापरावर भाजली होती. राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी काहीतरी ओशाळवाणं येऊन बसलं.

फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती. सयाजी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"म्या तीन येळा," ती गाडीकडे बघत म्हणाली.

"म्या सहा दिवस," तो म्हणाला. "रोज एक. आज दोन." गाडीचे डबे खडखडत होते, त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं. "त्या दिवशी काडी विझली न्हाई तवा मला वाटलं, संपलं आपलं. त्या रातीला झोप न्हाई लागली. आन् एवढं भ्यालेलो असून बी ओढली. कसला माणूस म्हणायचा म्या?"

छबूबाईने आत शोधून बघितलं. एकही शिवी हाताला लागली नाही.

"माझ्यासारखाच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं मारुतरावापुढे उभी राहिली. आपलं सांगण्यापेक्षा दुसऱ्याचं सांगण्यात दोघांनाही उत्साह जास्त होता. मारुतराव ऐकता ऐकता इतका हसला की खोकं करकरायला लागलं. गोष्ट खोबरेलाशी आली तेव्हा त्याने डोळे पुसले.

"दिवसाला चाळीस ओढणारा माणूस एकवीस दिवसांत सात ओढतो, आणि तोंड असं केलंय जसं काही खून केलाय!" तो म्हणाला. "पडलात. उठा. मी चार वेळा पडलो. पण बाई, तो वास घेणं आजपासून बंद. त्याने बिडी सुटत नाही, माणूस खोबरेल लावायला शिकतो. रोज दिवेलागणीला दोघांनी समोरासमोर बसायचं आणि दिवसभराचं खरं सांगायचं. दुसऱ्याने ऐकायचं. नुसतं ऐकायचं."

"आन् खरं ऐकून राग आला तर?"

"कोंबडी आहे की."

त्याने इब्राहिमलाही बोलावून घेतलं. इब्राहिम टोपी हातात घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "मला सोडायला सांगू नका, साहेब."

"नाही सांगत. फक्त याच्यासमोर ओढायची नाही. आणि याने मागितली तर द्यायची नाही, दोस्ती तुटली तरी."

इब्राहिमला ते पटलं. तो भट्टीवरून उठून लांब कोळशाच्या ढिगामागे जाऊन ओढायला लागला. ढीग इतका लांब होता आणि इब्राहिम इतका आळशी, की त्याच्या बिड्या आपोआप निम्म्यावर आल्या. त्यासाठी तो सयाजीला रोज शिव्या घालायचा.

दिवेलागणीचं बसणं सुरुवातीला फार अवघड गेलं. दोघं वरातीतल्या अनोळखी पाहुण्यांसारखी एकमेकांकडे बघत बसायची. "आज न्हाई," तो म्हणायचा. "माझं बी न्हाई," ती म्हणायची. आणि संपलं. पण हळूहळू शेपूट वाढायला लागलं. आज मुकादमाने नवशिक्यांसमोर हाक मारली, तेव्हा फार ओढावीशी वाटली. आज धाकट्या लेकीचं पत्र आलं नाही, तेव्हा लावावीशी वाटली. छबूबाईला कळलं की नवऱ्याला मुकादमाची भीती वाटते. सयाजीला कळलं की दोन्ही लेकी सासरी गेल्यापासून दुपारचं घर बायकोला खायला उठतं, आणि मशेरीचं तिसरं आणि चौथं बोट त्या दुपारचंच आहे. वीस वर्षं एका ताटाजवळ जेवून हे कधी बोलणं झालं नव्हतं. बोलायच्या वेळी एकाच्या तोंडात बिडी असायची आणि दुसरीच्या बोट.

कोपऱ्यातून यशोदाबाई, कुणी विचारलेलं नसताना, रोज सांगायची, "माझ्या आज अकरा चिमट्या झाल्या बरं का." एकदा बारा झाल्या तेव्हा तिने जरा शरमून सांगितलं.

चैत्रात कारखान्यातला एक जुना कारागीर वारला. स्मशानातून येताना सयाजीने एक ओढली आणि घरी येऊन हात धुवायच्या आधी सांगून टाकलं. छबूबाई ऐकून उठली, अंगणात गेली, कोंबडीपुढे दोन मिनिटं उभी राहिली आणि काहीच न बोलता परत आली. त्यानंतर त्याने ओढली नाही. निदान ओढली असं तिला वाटलं नाही, आणि ती आता वास घेऊन बघत नव्हती.

दिवाळीच्या सुमारास मुकादमाने त्याला पुन्हा बरण्यांवर घेतलं. दोन शेरांच्या. पाच शेरांच्यावर त्याने एकदा जोर लावून बघितला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्याने नळी खाली ठेवली. "माझा दम तेवढा न्हाई राह्यला," त्याने मुकादमाला सांगितलं. नळी खराब आहे, असं म्हणाला नाही. त्या संध्याकाळी तो घरी येऊन ओट्यावर बसला. छबूबाईने त्याला गूळ-शेंगदाणे दिले आणि शेजारी बसून राहिली.

पुढच्या वैशाखात छबूबाईच्या माहेरी, कुरुळीला, चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. दोघं चाकणपर्यंत एस.टी.ने आणि पुढे बैलगाडीने गेली. मांडवामागे बायका जमल्या होत्या. चुलतबहीण रुक्मिणीबाई डबी फिरवत होती. डबी हातोहात छबूबाईपर्यंत आली.

"मला न्हाई," छबूबाई म्हणाली. "म्या सोडली."

बायकांचे हात थांबले. "सोडली?" रुक्मिणीबाई म्हणाली. "आजारी हायस का?"

"न्हाई."

"मग मडम झालीस व्हय गं, तळेगावला ऱ्हाऊन?"

सगळ्या हसल्या. छबूबाईने सव्वा वर्षात भल्याभल्यांची थट्टा पचवली होती, पण माहेरची थट्टा वेगळी. शिवाय तो वास. तिने चिमूटभर घेतली, लहानपणापासून घेत आली तशी, आणि दातांवरून बोट फिरवलं. तिला वाटलं होतं, जुनं सुख जसंच्या तसं भेटेल. त्याऐवजी मांडवाचे खांब जागा बदलायला लागले. कपाळावर घाम आला. ती तोंडाला पदर लावून उठली आणि कडब्याच्या गंजीमागे पोचेपोचेस्तोवर सकाळच्या लापशीसकट सगळं बाहेर आलं.

कुणीतरी सयाजीला सांगितलं असावं. तो पंगतीतून उष्ट्या हाताने धावत आला. डाव्या हाताने त्याने तिचं कपाळ धरलं, ती ओकून दमेपर्यंत धरून ठेवलं आणि मग तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं.

"काय खाल्लंस?"

छबूबाईने बोट दाखवलं. काळं झालेलं.

सयाजीने ते बोट बघितलं. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग खांदे, मग तो गंजीला टेकून असा हसायला लागला की मांडवातले ताशेवाले थांबून बघू लागले. एवढं हसूनही त्याला खोकला आला नाही, हे छबूबाईच्या लक्षात आलं. तेव्हाही आलं, जेव्हा ती त्याला शिव्या घालत होती. मोठ्याने, बिनदिक्कत, सव्वा वर्षाच्या साठलेल्या, माहेरच्या भाषेत.

"अगं, पर लावलीस कशाला?" तो श्वास घेत म्हणाला.

"बघत व्हती, तिला म्या आठवती का."

"मग?"

"तिला म्या न्हाई आठवली," छबूबाई म्हणाली आणि गुळणी करायला तिने तांब्या त्याच्या हातातून ओढून घेतला.